हिरडीच्या रंगाचं चाक

मंगळवार बाजारात शेंगा घेता घेता शिवयोगीला आपले दात दिसले. म्हणजे त्याच्या तोंडातले नव्हेत, ते जिथल्या तिथे होते, त्याच्या हातचे. तागडीपलीकडं एक पटकेवाला म्हातारा शेंगवालीशी भावावरून हुज्जत घालत होता. मधेच तिनं काहीतरी टोमणा मारला तसा म्हातारा खदखदून हसला, आणि वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा दात दिसला. एवढासा आत वळलेला. शेजारचा सुळा जरा पुढं. हे वळण देवानं दिलेलं नव्हतं. ते नव्या पेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, गुलाबी मेणावर, शिवयोगीनं दिलेलं होतं. म्हाताऱ्याला तो जन्मात पहिल्यांदा बघत होता, पण त्या दातांच्या संगतीत त्याचा अख्खा आठवडा गेला होता. परगावात गावचं माणूस भेटावं तसं त्याला बरं वाटलं आणि तोही हसला. म्हातारा हसायचा थांबला. "काय वो पाव्हणं, वळख हाय का आपली?" आता काय सांगणार? तुमची नाही, तुमच्या तोंडाची आहे म्हणून? "नाही, नाही," शिवयोगी म्हणाला. "मग बगायला काय लागलासा?" म्हाताऱ्यानं पिशवी उचलली आणि तो गर्दीत गेला. दातही त्याच्याबरोबर गेले.

असं पूर्वीही झालेलं होतं. अर्धं सोलापूर शिवयोगीच्या दातांनी भाकरी चावत होतं म्हटलं तरी चाललं असतं. पण कवळी तोंडात बसवायचे डॉक्टर, आरसा धरायचे डॉक्टर, आणि पेशंट पहिल्यांदा हसायचा तोही डॉक्टरांकडंच बघून. ह्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. मागच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांत बसलेल्या माणसाला पुढं बोलावून 'हे बघा, हे तुमचे दात करणारे' असं कोण सांगतं? शिंपी दिसतो, सोनार दिसतो. दात मात्र आपले आपल्यालाच आलेत असं माणसाला वाटायला हवं. शिवयोगीला हे पटलेलं होतं. पण आज त्या म्हाताऱ्यानं 'वळख हाय का' म्हटलं आणि त्याच्या छातीत काहीतरी उगाचच निखळलं. बाजारातल्या एवढ्या माणसांत आपल्याला ओळखणारं, नुसतं तोंडओळखीनं नव्हे, आत कुठंतरी बघून ठेवलेलं, असं एक तरी माणूस आहे का, असा विचार त्याच्या मनात आला. आई होती, तिला जाऊन दोन वर्षं झाली. लग्न जमता जमता राहिलं आणि मग जमवणारेच राहिले नाहीत. एक ईरप्पा होता, तो समुद्रापलीकडं. शेंगांची पिशवी हातात घेऊन तो उभाच राहिला, आणि तेवढ्यात मागून हाक आली, "शिवूअण्णा!"

ईरप्पाची बहीण मायाक्का होती. वळसंगला दिलेली, बाजाराला आली की कधीमधी भेटायची. डोक्यावरची पाटी सावरत ती म्हणाली, "कळलं का तुमाला? आमचा अण्णा येनार हाय. गड्ड्याच्या जत्रंला. पंधरा वर्सांनी सुचलं बगा शान्याला. पत्रात तुमाला निरोप हाय. शिवूला इच्यार म्हनलाय, इमान झालं का."

"झालंच की," शिवयोगी म्हणाला. हे साफ खोटं होतं. विमान फळीवर खोक्यातच होतं, वर्ष झालं तरी.

घरी येईपर्यंत शेंगांचं त्याला भान नव्हतं. चाटी गल्लीतून येताना कुणाचा तरी धक्का लागला, कुणीतरी "ए मामा, झोपलास काय" म्हणालं, ते सगळं दुसऱ्याच कुणाला झाल्यासारखं झालं. ईरप्पा येणार. पंधरा वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कारखान्यात गेलेला ईरप्पा दर वर्षी त्याला एक खोकं पाठवायचा. खोक्यावर विमानाचं रंगीत चित्र, आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडायचा कागद. शिवयोगी ती विमानं दोन-तीन रविवारांत उडवून टाकायचा. ज्याचा हात माणसाच्या जबड्यावर बसलाय त्याला ती म्हणजे पोरखेळ. पण हे शेवटचं खोकं तसं नव्हतं. त्यावर चित्र नव्हतं. साधा तपकिरी पुठ्ठा, आत कापूस, आणि कापसात पिवळसर, जड, अपारदर्शक तुकडे. प्लास्टिक नव्हतंच ते. रेझिन, साच्यात ओतून घट्ट केलेली राळ. ईरप्पानं सोबत चार ओळी लिहिल्या होत्या: इथं एक म्हातारा घराच्या मागच्या शेडमध्ये असली विमानं ओततो, मोजकीच ओतली आणि मग त्याचे साचे फाटले, आता पुन्हा करायचा नाही. कुठलं विमान आहे ते बघ. बस्स, एवढंच. शिवयोगीनं धड उचलून उजेडात धरलं होतं. पुढं गोल, उघडं तोंड, आ वासलेलं. सरळ पोट. पंखांच्या टोकांना दोन टाक्या. ते बघताक्षणी त्याचे हात थंड पडले होते. तुफानी. दोघांनी मिळून पाहिलेलं लढाऊ विमान, होटगी रस्त्यावरचं. मग त्यानं सगळं परत कापसात घालून खोकं वर ठेवून दिलं होतं. वर्षभर. कारण बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं. आणि पूर्ण झालं तर मग वाट बघायला काय उरणार होतं?

आता मात्र सुटका नव्हती. पुढच्या रविवारी भाकरी-चटणी खाऊन त्यानं खिडकीखाली चटई टाकली, खोकं काढलं आणि तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडले. वास ओळखीचा आला. दातांच्या लिक्विडचा सख्खा नसला तरी चुलत वास. तिकडच्या त्या म्हाताऱ्याचा हात घाईचा होता. पोटाखाली बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं राहिली होती, साच्याच्या सांध्यावर चिंध्यांसारखे पापुद्रे आले होते, उजवा पंख उन्हात ठेवलेल्या पापडागत वाकला होता. शिवयोगी त्याच्यावर रागावला आणि लगेच त्याला त्याची कीव आली. शेडमध्ये एकटाच बसत असेल. चहा थंड होत असेल. आपण ओतलेली विमानं कुठल्या फळीवर जाऊन बसली हे त्यालाही कुणी सांगत नसेल. पंखाखालचं एक चाक नव्हतंच. खोकं उलटं केलं, कापूस पिंजून पाहिला. नाही. म्हातारा घालायलाच विसरला होता. शिवयोगीला हसू आलं. चाक नाही म्हणून हा शिवयोगी अडेल होय? त्यानं शिल्लक चाकाचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला, आणि घरी होती ती कवळीची पूड लिक्विडमध्ये कालवून ओतली. दुसऱ्या दिवशी साचा फोडला तर आत गोंडस, गुलाबी चाक. हिरडीच्या रंगाचं. सोलापुरात तसं चाक कुणी पाहिलं नसेल. ते तळहातावर घेऊन तो बराच वेळ बसला. वरून चंदेरी रंग लागला की कुणाला कळणारही नव्हतं, पण ईरप्पाला आपण सांगू, तो पोट धरून हसेल, त्याचा तो पुढचा वाकडा दात दिसेल, असं त्याच्या मनात आलं.

कानस चालायला लागली की शिवयोगीचं मन सुटायचं. हात आपलं काम करायचे आणि मन मागच्या दारानं बाहेर पडायचं. ते पहिल्यांदा जायचं महेबूबचाचांकडं. ह्या धंद्यात त्यांनी त्याला आणलं, पोरसवदा असताना. खोलीत शिरलं की त्यांच्या अंगाला येणारा पानाचा आणि प्लास्टरचा वास अजून नाकात होता. शिवयोगीनं पहिली कवळी केली ती दृष्ट लागण्यासारखी, चौदाच्या चौदा दात रांगेत, कवायतीला उभे असल्यागत. चाचांनी ती उलटीसुलटी केली आणि मेणातला एक दात नखानं जरासा फिरवला. "सीधे दाताँ नक्को रे. सीधे दाताँ मुर्दे के लगते. थोडा टेढा रख्ख. अल्ला बी सीधा नै बनाता." एक बाजू दुसरीसारखी करायची नाही. डावीकडं एक सूत कमी, उजवीकडं एक सूत जास्त. मग ते तोंडात गेलं की कुणाला संशय येत नाही. हे शिवयोगीनं डोक्यात नाही, मनगटात साठवलं. आणि दुसरी गोष्ट मेणाची. मेण विस्तवावर नाही मऊ करायचं, घाई करायची नाही. तळहातात धरून बसायचं. "तेरी गर्मी उसमें जाने दे." थंडीत त्याला जमायचं नाही, हात सदाचे पाण्यात, सदाचे गारठलेले. चाचा म्हणायचे, तुझ्या हातात मेणसुद्धा झोपतं रे.

आणि मग मन होटगी रस्त्याला लागायचं. दोघं मॅट्रिकच्या अलीकडं-पलीकडं होते. गिरणीच्या भोंग्यावर आलेली बातमी होती ती. भोंगा झाला आणि गेटातून बाहेर पडणारी माणसं सांगत सुटली, धावपट्टीवर लढाऊ विमान उतरलंय, बिघडून. ईरप्पानं वडलांची, आप्पांची, सायकल काढली. दांडीवर शिवयोगी. त्या सायकलचा स्टँड मोडलेला होता. ती कशाला तरी टेकवावी लागायची, नाहीतर कुणीतरी धरावी लागायची. माळावर पोचले तर जत्रा भरलेली. चिरमुरेवाले आलेले, बाया पोरं कडेवर घेऊन आलेल्या. मध्ये दोरी लावून एक हवालदार, आणि दोरीपलीकडं ते. एवढं चंदेरी काही शिवयोगीनं तोवर पाहिलं नव्हतं. देवळातली प्रभावळ भक्तीनं काळी पडलेली असते; हे नुसतंच चकाकत होतं, कुणाची पर्वा नसल्यागत. ईरप्पानं हवालदाराला काय गूळ लावला कुणास ठाऊक, हवालदार म्हणाला, एकानं या, हात लावा, पळा. एकानं. टेकवायला माळावर झाड नव्हतं, भिंत नव्हती. आप्पांची सायकल गेली तर आप्पा कातडी सोलणार. ईरप्पानं हँडल पुढं केलं, "धर बे," म्हणाला, आणि दोरीखालून वाकून गेला. शिवयोगीनं दोन्ही हातांनी सायकल धरली. लांबून त्यानं पाहिलं, ईरप्पाचा तळहात त्या चंदेरी पोटावर टेकला. मग शिट्टी झाली, दोरी ताणली गेली, आता आणखी कुणाला सोडणार नव्हते. ईरप्पा पळत आला, धापा टाकत, आणि तोच तळहात त्यानं शिवयोगीच्या गालावर ठेवला. "बिसी ऐति ले!" म्हणाला. गरम आहे रे. घरात दोघांचीही कानडी, आनंदाला तीच यायची. "गुरासारखं गरम आहे." त्या हाताला तेलाचा आणि चिरमुऱ्याचा वास होता. शिवयोगीच्या दोन्ही मुठींत हँडल होतं, त्याला त्या हातावर हात ठेवता आला नाही.

बस्स. एवढीच गोष्ट. कुणाला सांगावी अशीही नाही. पण आयुष्यात आपल्याला कुणी कधी पाहिलं असेल तर त्या क्षणी, सायकल धरून उभं असताना, असं शिवयोगीला वाटत आलं होतं. म्हणून तर तुफानी पाठवलं. तुला हात लावायला मिळाला नाही, हे माझ्या लक्षात आहे, असाच त्या खोक्याचा अर्थ होता. दुसरा कुठला असणार? त्याला ईरप्पाकडून काही नको होतं. टॉफ्या नको होत्या, इंग्लंडच्या गमती नको होत्या. ईरप्पानं त्या विमानाकडं बघावं आणि एकदा म्हणावं, 'तू बिचारा सायकल धरून उभा होतास बे.' एवढं वाक्य. त्या वाक्यासाठी शिवयोगी रविवारमागून रविवार खिडकीखाली बसला. बुडबुड्यांची भोकं बुजवली. वाकलेला पंख ऊन पाण्यात धरून बोटांनी सरळ केला. पंख धडात राहावेत म्हणून कवळीला लागणारी पोलादी तार आत घातली आणि सांधा पक्का भरला, असा, की आता विमान फुटलं असतं पण सांधा निघाला नसता. शेजारची मुक्ताबाई दारातून डोकावली. "शिवयोगी, अरे कुनाचा जबडा हाय म्हनायचा ह्यो?" विमान आहे मावशी, तो म्हणाला. "आगं बया! आनि खायचं कुटनं त्यानं?" तिनं त्या गोल उघड्या तोंडात बोट घालून पाहिलं. "तोंडाच्या जागी तोंडच हाय की. तुझा हात दुसरीकडं जातोय कशाला!" स्वतःच्या विनोदावर ती मनसोक्त हसली. तिचेही वरचे दात त्याचेच होते, पण ते तिला ठाऊक होतं आणि ती ते दहा जणींना सांगायची. शिवयोगी तेवढ्यापुरता तिचा ऋणी होता.

रंग लावण्याआधी विमान सपाट काचेवर ठेवून बघायचं, म्हणून त्यानं ते ठेवलं. विमान कललेलं होतं. डावा पंख खाली, उजवा वर. उजव्या टाकीखालून शेंगदाणा गेला असता, डाव्या टाकीखालून ज्वारीचा दाणाही नाही. आधी त्याला वाटलं चाक. हिरडीचं चाक काढून पाहिलं, चाकाचा काही दोष नव्हता. मग त्यानं दोन्ही पंखांवरून बोट फिरवलं आणि त्याला समजलं. कानस. डावा पंख सांध्यापाशी एक सूत जास्त घासला गेला होता. चुकून नव्हे, अगदी सराईतपणे. एक बाजू दुसरीसारखी करायची नाही. मन होटगी रस्त्यावर असताना मनगटानं चाचांचं ऐकलं होतं. विमानाला जिवंत माणसाचं तोंड दिलं होतं! "अरे मूर्खा," तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "विमान आहे ते. विमानाला सरळच असावं लागतं." सांधा तर आता निघणार नव्हता. तारेसकट पंख मोडला तर साचे फाटलेल्या त्या म्हाताऱ्याकडून दुसरा येणार नव्हता. त्यानं करवत हातात घेतली, ठेवली, घेतली. चाळिशी उलटलेला माणूस एका खेळण्यासाठी रडकुंडीला आलाय, हे कुणी पाहिलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण पाहायला होतंच कोण? हीच तर गंमत होती. शेवटी त्यानं तसाच चंदेरी रंग दिला. पंखांवर खोक्यातल्या कागदावरची तिरंगी चक्रं पाण्यात सोडवून चिकटवली. विमान खिडकीत ठेवलं, डावीकडं कललेलं, आणि ईरप्पा आला की त्याला उजव्या बाजूला बसवायचं असं ठरवून टाकलं.

गड्ड्याच्या आदल्या रविवारी दुपारी ईरप्पा आला. दारात कोट घातलेला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ उभा. "काय बे शिव्या!" आवाज तोच. शिवयोगीनं सवयीनं आधी तोंडात बघितलं. वाकडा दात नव्हता. कुठलाच दात स्वतःचा नव्हता. वर-खाली दोन्ही ओळी पांढऱ्याशुभ्र, समान, रांगेत. तिकडच्या कुणा कारागिराला चाचा भेटले नव्हते. ईरप्पानं मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, टॉफ्यांचा डबा दिला, चटईवर मांडी घालायला गेला आणि गुडघा धरून खुर्चीवर बसला. नेमका डाव्या बाजूला.

"कसा हाईस?"

"मजेत की. तू?"

"चाललंय. थंडी लई. बायकोला संधिवात. पोरगी कॉलेजात, माझ्याशी इंग्रजीत बोलायलीय, मी कानडीत भांडतो, जमतंय." तो हसला. ते हसू दातांपाशी येऊन थांबत होतं. मग त्याची नजर खिडकीकडं गेली आणि तो उठला. विमानापाशी जाऊन वाकला. आता म्हणेल. आता.

"चुकलंय माझं," शिवयोगीलाच राहवलं नाही. "डावा पंख खाली गेलाय. हात बहकला."

"चुकलंय?" ईरप्पा वळला. त्याचे डोळे भरलेले होते. "काय बोलायलास बे? असंच तर होतं! डाव्या बाजूचा टायर हवा जाऊन बसला नव्हता का? असंच कललेलं, दमलेल्या बैलागत. मी विसरलो होतो. हे बघून आठवलं. तुझ्या बरं एवढं ध्यानात राहिलं! राहणारच म्हणा. तू त्या खाली आलेल्या पंखाखालून तर वाकून गेलास."

शिवयोगीला टायर आठवत नव्हता. त्याच्या आठवणीतलं विमान सरळ होतं. "कोण, मी?"

"मग कोण, मी? मी सायकल धरून उभा होतो की. स्टँड मोडलेला, आप्पांची सायकल. आप्पांची सायकल मी सोडून जाईन काय बे? चामडी लोंबवली असती. हवालदार म्हणाला एकानं या, मी म्हटलं जा तू. तू गेलास, हात लावलास, पळत आलास, आणि माझ्या गालाला तळवा लावलास. बिसी ऐति ले, म्हणालास." ईरप्पानं स्वतःचा गाल चाचपला. "खरं सांगू? तिकडं पहाटे कारखान्याच्या गेटाशी रांगेत उभा असतो, नाक बधिर, तेव्हा मला तो हात आठवतो. बायकोला सांगितलं नाही, हसेल. विमानात बसून एवढ्या लांब गेलो, पण त्याला हात लावला तो तू. म्हणून हे दिसल्यावर म्हटलं, हे शिवूनंच करायचं. ज्यानं हात लावला त्यानं करायचं."

शिवयोगीच्या जिभेवर वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेलं. नाही ईरप्पा, सायकल मी धरली होती. एवढंच म्हणायचं होतं. पण आप्पांची सायकल होती, हे तर खरं. टायर बसलेला होता, हे त्याचं त्याला आठवत नव्हतं आणि त्याच्या हातानं ते करून ठेवलं होतं. मग सायकल कुणी धरली होती? दोघांनीही धरली असेल तर त्या माळावर विमानाला हात लावला कुणी? आपण उभे आहोत असं समजून इतकी वर्षं ज्या जागेकडं बघत आलो, तिथं दुसराच कुणी उभा होता, आणि तो आपल्याकडंच बघत होता. आपल्याला सायकलीपाशी कुणीही पाहिलं नव्हतं. शिवयोगीला आतून एकदम गारठल्यासारखं झालं. त्यानं ईरप्पाकडं पाहिलं. त्या परक्या, रांगेतल्या दातांच्या कडेनं ओठ थरथरत होता, शाळेतला. तो वाट बघत होता. ह्यालाही तिकडं दुसरं काही मिळालेलं नाही, शिवयोगीला वाटलं. ह्याचा गाल आपण पुसून टाकायचा?

"गरम होतं ना बे?" ईरप्पानं विचारलं.

"व्हय," शिवयोगी म्हणाला. "लई गरम होतं. गुरासारखं."

ईरप्पानं मोठा सुस्कारा सोडला, आणि मग दोघांनी चहा घेतला. हिरडीच्या चाकाचं शिवयोगीनं सांगितलं नाही, राहून गेलं. निघताना ईरप्पा म्हणाला, गड्डा झाला की परत येतो, निवांत बसू. मायाक्काकडं पाव्हणे जमलेत, मग हुबळीला सासुरवाडी, मग मुंबई. दोघांनाही ठाऊक होतं तो येणार नव्हता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसताना त्यानं बाहेर हात काढला, शिवयोगीनं तो धरला, हातात कातड्याचा मोजा होता. सोलापुरात मोजे! संक्रांतीच्या तोंडालाही उन्हं चटकत होती, पण त्याला सवय झाली असेल.

शिवयोगी घरी आला तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. कपबश्या तशाच होत्या. मुक्ताबाई पलीकडून ओरडली, "गेला का रं तुझा साहेब?" गेला, तो म्हणाला. मग तो विमानापाशी जाऊन उभा राहिला. एवढे रविवार त्यानं ते तासलं होतं, घासलं होतं, रंगवलं होतं, पण ते काम होतं. नुसता हात त्यानं त्याला लावला नव्हता. त्यानं तळहात चंदेरी पोटावर ठेवला आणि डोळे मिटले, हाताला काही आठवतंय का बघायला. हाताला काही आठवलं नाही. विमान थंड होतं. तरी त्यानं हात काढला नाही. मेण धरून बसावं तसा तो धरून उभा राहिला, बाहेर रस्त्यावरून गड्ड्याला लागणारे पाळणे घेऊन गाड्या चालल्या होत्या, त्यांचा खडखडाट संपेपर्यंत उभा राहिला, आणि मग हळूहळू ते त्याच्या हाताखाली गरम झालं.